बीचवर मेटल डिटेक्टरला जास्त डेप्थ कशी मिळवायची? ओल्या वाळूत मशीन नुसतं बडबडतंय

एडिसनकर

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत एडिसनला असतो, गेल्या हिवाळ्यापासून मेटल डिटेक्टिंगचा नाद लागलाय. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून बेल्मार नाहीतर ब्रॅडली बीच गाठतो आणि घरचे उठून चहा व्हायच्या आत परत. मनापासून आवडतंय हे, म्हणून नीट शिकायचंय.

मशीन एन्ट्री लेव्हलचं आहे, सिंगल फ्रिक्वेन्सी, ८ किलोहर्ट्झ, ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा स्वतःचा सिग्नल दाबणारी सेटिंग) कंपनीतूनच फिक्स करून आलेला त्यामुळे तो बदलता येत नाही, आणि सोबतची कॉइल, म्हणजे खालची शोधणारी तबकडी, ७ बाय १० इंची लांबट. कोरड्या वाळूत मस्त चालतं, क्वार्टर, म्हणजे २५ सेंटचं नाणं, सात-आठ इंचांवरून सहज सांगतं. पण भरतीच्या रेघेच्या खाली ओल्या वाळूत उतरलो रे उतरलो की नुसती बडबड सुरू, कॉइल उचलली तरी आवाज, टेकवली तरी आवाज. सेन्सिटिव्हिटी कमी केली की गप्प होतं खरं पण मग तीन-चार इंचांच्या खालचं काही ऐकूच येत नाही.

प्रश्न असे की मोठी १४-१५ इंची कॉइल घेतली तर डेप्थ वाढेल का? सेटिंगमध्ये काही करता येतं का? की सरळ मशीनच बदलावं? पैसे घालायला हरकत नाही पण योग्य जागी घालायचेत.

आणि अजून एक, उन्हाळ्यात एवढी माणसं पाण्यात उतरतात, वर्षानुवर्षं उतरतायत, मग मला नुसती बाटल्यांची झाकणं, कॅनच्या टॅब आणि कालपरवाची चिल्लरच का मिळते? जुनं काहीच का लागत नाही?

शोअरवाला

एडिसनकर, स्वागत. मीपण जर्सीतलाच, मॉनमाउथ काउंटीत बरीच वर्षं हेच करतोय त्यामुळे तुमचे दोन्ही बीच पायाखालचे आहेत.

आधी मशीनबद्दल. ते बिघडलेलं नाहीये. समुद्राच्या पाण्यातून वीज चांगली वाहते, त्यामुळे खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळू म्हणजे मशीनच्या दृष्टीने खाली पसरलेला एक कमकुवत धातूच असतो, आणि त्याचा सिग्नल नेमका फॉइलच्या पट्ट्यात येतो, म्हणजे बारीक सोनं जिथे वाजतं तिथेच. सिंगल फ्रिक्वेन्सी मशीनला मीठ कुठलं आणि सोनं कुठलं हे वेगळं काढता येत नाही. तरी आहे त्या मशीनवर काही गोष्टी करता येतात. सेन्सिटिव्हिटी एकदम तळाला नेऊ नका, कॉइल फिरवत फिरवत एकेक घर खाली या आणि बडबड थांबली की तिथेच राहा. स्क्रीनवरचा फॉइलचा पहिला खण बंद करा म्हणजे तिथले सिग्नल मशीन वाजवणार नाही, बारीक चेन जातील त्यात, पण नाणी आणि जाडजूड अंगठ्या वाजतील. आणि चालताना समुद्राकडे तोंड करून पुढे जा म्हणजे कॉइल पाण्याच्या रेघेला समांतर फिरते. किनाऱ्याच्या कडेकडेने चाललात तर प्रत्येक फेरीत कॉइल कोरड्याकडून ओल्याकडे जाते आणि त्या बदलालाच मशीन टार्गेट समजतं. एवढ्या एका बदलाने निम्मी बडबड कमी होते, करून बघा.

आता जुनं का मिळत नाही, आणि माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हा आहे. सी ब्राइटपासून मॅनस्क्वान इनलेटपर्यंतचा साधारण २१ मैलांचा किनारा आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सने १९९४ पासून समुद्राच्या तळाची वाळू पंप करून रुंद केलाय. मग २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळ आलं, त्यातली बरीच वाळू घेऊन गेलं, आणि पुढच्या दोनेक वर्षांत ती परत भरली. तुमचे बेल्मार आणि ब्रॅडली दोन्ही ह्यातच येतात. म्हणजे १९७०-८० च्या काळात कुणाच्या बोटातून निसटलेली अंगठी आज कित्येक फूट नव्या वाळूखाली असू शकते, आणि बोटातल्या अंगठीसाठी एवढी डेप्थ देणारं हातातलं मशीन जगात कुणीच बनवत नाही, कितीही पैसे टाका. तुम्हाला मिळतंय ते त्या नव्या वाळूच्या वर पडलेलं, म्हणून सगळं ताजं.

त्यामुळे डेप्थ मशीनमध्ये शोधायची नाही, समुद्राने वाळू कुठून काढून नेलीय ते शोधायचं. हिवाळ्यात नॉरईस्टर येतं, दोन-तीन दिवस ईशान्येचा वारा धरून राहतो, लाटा किनारा खातात आणि वाळूत उभी पायरी पडते, आम्ही त्याला कट म्हणतो. कधी गुडघ्याएवढा, कधी छातीएवढा. त्या कटच्या पायथ्याशी जी वाळू उघडी पडते ती जुनी, आणि तिथे तुमचं आत्ताचं मशीनसुद्धा चार इंचांवर असं काही देईल जे एरवी चार फुटांवर होतं. पण वादळ सरल्यावर पहिल्या सुरक्षित ओहोटीलाच जायचं, वारा पडला की समुद्र तीच वाळू परत आणून टाकायला लागतो आणि आठवड्याभरात खिडकी बंद.

वादळ नसेल तर दगडी जेटी, म्हणजे किनाऱ्यापासून समुद्रात गेलेले दगडांचे बांध बघा. आपल्या भागात वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, म्हणून जेटीच्या दक्षिणेला ती साठते आणि उत्तरेच्या कुशीत खणली जाते. उत्तरेची बाजू आधी फिरायची. ओहोटीच्या दोन तास आधी पोचायचं आणि पाणी जसं मागे जाईल तसं त्याच्या मागे खाली उतरायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त मागे जातं, नोआ ह्या अमेरिकेच्या सरकारी हवामान-समुद्र संस्थेच्या साइटवर प्रत्येक ठिकाणचं भरती-ओहोटीचं टेबल फुकट मिळतं.

आणि जे निघतं त्यावरून जागा ओळखायला शिका. नुसती झाकणं, फॉइल, कॅनचे तुकडे निघत असतील तर ती हलक्या मालाची रेघ, सोडा आणि पुढे चला. मासेमारीची शिशाची वजनं, काळी-हिरवी पडलेली नाणी, जाड शिंपले आणि गोटे एकत्र दिसायला लागले तर मात्र तिथून हलू नका, लाटा जड वस्तू जड वस्तूंबरोबरच नेऊन ठेवतात आणि सोन्याइतकं जड बीचवर दुसरं क्वचितच काही असतं.

नियमांचं थोडं. सँडी हूकला मशीन घेऊन जाऊ नका, तो नॅशनल पार्क सर्व्हिसचा भाग आहे आणि त्यांच्या जागेत मेटल डिटेक्टर नुसता बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. बाकी गावागावाचे नियम वेगळे, टाउन हॉलला फोन करून विचारायचं. ड्यून्सवर कुठेच चढायचं नाही, ते गवतच वाळू धरून ठेवतं. आणि पंप केलेल्या वाळूतून दुसरंच काही येऊ शकतं, २००७ मध्ये लाँग बीच आयलंडवर सर्फ सिटीला पंप केलेल्या वाळूबरोबर लष्कराचे जुने टाकून दिलेले स्फोटक फ्यूज किनाऱ्यावर आले होते. गंजलेला, गोल, जड नळकांड्यासारखा तुकडा लागला तर स्कूपने ठोकू नका, लांब व्हा आणि ९११ ला फोन करा.

सर्किट_काका

पुण्याहून लिहितोय. आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम केलं, रिटायर झाल्यावर घरीच डिटेक्टर बांधायला लागलो, त्यामुळे वाळूतला अनुभव शोअरवाल्यांइतका नाही पण कॉइलमध्ये काय चालतं ते सांगू शकतो. मोठ्या कॉइलचा प्रश्न त्यातून सुटेल.

कॉइलपासून लांब गेलं की चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं. ते नाण्यापर्यंत जाताना एकदा कमी होतं, नाण्यात प्रवाह फिरतो, त्याचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि ते परत कॉइलपर्यंत येताना पुन्हा तसंच कमी होतं. म्हणजे एकूण सिग्नल अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. ह्याचा व्यवहारातला अर्थ असा की कुठल्याही मार्गाने सिग्नल दुप्पट केलात, ट्रान्समीटर वाढवा नाहीतर अँप्लिफायर सुधारा, तरी डेप्थ फक्त १२ टक्के वाढते. आठ इंचांचे नऊ. बस. म्हणून सेन्सिटिव्हिटी दोन घरं वर नेऊन काही जादू होत नाही, उलट मिठाची बडबड मात्र तेवढीच वाढते आणि त्या बडबडीत खोल नाण्याचा बारीक आवाज हरवतो. भरलेल्या लोकलच्या डब्यात कुणीतरी कुजबुजतंय आणि आपण रेडिओचा आवाज वाढवतोय, असं होतं ते.

उलट हाच हिशेब कॉइलच्या उंचीला लावा. कॉइल वाळूपासून दोन इंच वर धरलीत तर ते दोन इंच सरळ डेप्थमधून गेले. म्हणजे सिग्नल दुप्पट करून मिळेल त्याच्या दुपटीने डेप्थ तुम्ही नुसत्या हाताच्या सवयीने घालवता किंवा कमावता. आणि त्याला पैसे पडत नाहीत.

मोठी कॉइल. नाण्याएवढ्या वस्तूला ढोबळमानाने कॉइलच्या व्यासाइतकी डेप्थ मिळते, म्हणून मोठी कॉइल खोल जाते हे खरं, पण कोरड्या आणि स्वच्छ वाळूत. ओल्या वाळूत मोठी कॉइल खूप जास्त खारं पाणी एकदम बघते, मिठाचा सिग्नल वाढतो, तुम्हाला सेन्सिटिव्हिटी अजून खाली आणावी लागते आणि मिळवलेलं सगळं परत जातं, वर बारीक सोन्याला ती आंधळी होते ते वेगळंच. तुमच्या ह्या मशीनला ओल्या वाळूत छोटी, ५-६ इंची कॉइल लावून बघा. ती कमी पाणी बघते म्हणून सेन्सिटिव्हिटी वर ठेवता येते आणि पुष्कळदा मोठीपेक्षा एखादा इंच जास्तच देते. ऐकायला उलटं वाटतं पण मोजून बघितलं की पटतं.

मशीन बदलायचं असेल तर दोनच रस्ते. एक म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं. मीठ वरच्या फ्रिक्वेन्सीला जास्त बोलतं आणि खालच्या फ्रिक्वेन्सीला कमी, ठोकळ धातूचं तसं नसतं, त्यामुळे दोन्हींची तुलना करून मिठाचा भाग वजा करता येतो. मायनलॅबचं ईक्विनॉक्स आणि स्वस्तात व्हँक्विश, नोक्ताचं लेजंड, एक्सपीचं डिउस २ ही सगळी ह्या जातीची. दुसरा रस्ता पल्स इंडक्शन. त्यात कॉइलमध्ये एक झटका देऊन करंट तोडतात आणि काही मायक्रोसेकंद थांबून मगच ऐकतात. खाऱ्या पाण्यातले प्रवाह तेवढ्यात विरून जातात, धातूतले अजून फिरत असतात. म्हणून पल्सवाल्याला मीठ दिसतच नाही आणि ओल्या वाळूत डेप्थ सगळ्यात जास्त त्याचीच. पण तो लोखंड आणि सोनं ह्यात फरक जवळजवळ सांगत नाही, प्रत्येक खिळा, प्रत्येक हेअरपिन खणावी लागते. रोज गर्दी असणाऱ्या बीचवर पाठ राहील का विचार करून घ्या.

एक चाचणी जरूर करा. एका निकेलला, म्हणजे पाच सेंटच्या नाण्याला, मजबूत दोरा चिकटवा, दोऱ्यावर दर दोन इंचांना गाठ मारा, ओल्या वाळूत पुरा, दोऱ्याचं टोक बाहेर. सहा इंच, आठ, दहा. प्रत्येक सेटिंगला किती खोल ऐकू येतं ते वहीत लिहा. निकेल ह्यासाठी की अनेक अंगठ्या त्याच्याच आसपास वाजतात. हवेत नाणं हलवून केलेल्या टेस्टवर ओल्या वाळूपुरता भरवसा ठेवू नका.

रत्नांग्रीकर

काकांनी मिठाचं सांगितलं, मी काळ्या वाळूचं सांगतो. आमच्याकडे रत्नागिरीत मांडवीला काळी वाळू आहे, आणि काळबादेवी, मालगुंड, पूर्णगड ह्या पट्ट्यात इल्मेनाइट ह्या काळ्या जड खनिजाचे साठे आहेत. सोबत मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज पण असतं. असल्या वाळूत मशीनला दोन बाजूंनी मार बसतो, मीठ वीज वाहतं म्हणून एका प्रकारचा सिग्नल देतं आणि काळी वाळू चुंबकीय म्हणून दुसऱ्या प्रकारचा, आणि सिंगल फ्रिक्वेन्सीवाल्याचा ग्राउंड बॅलन्स एका वेळी एकालाच गप्प करू शकतो. मीठ बॅलन्स केलं की काळी वाळू ओरडते, काळी वाळू केली की मीठ. मल्टीवाली इथे पण बरी चालतात पण सेन्सिटिव्हिटी पांढऱ्या वाळूपेक्षा खालीच ठेवावी लागते.

जर्सीलासुद्धा वादळानंतर किनाऱ्यावर काळे-जांभळे पट्टे पडलेले दिसतील, ते हेच जड खनिजांचे. प्लास्टिकच्या पिशवीत एक चुंबक घालून वाळूवरून फिरवा, पिशवीला काळी मिशी फुटली की समजा तिथे मॅग्नेटाइट आहे. अशा ठिकाणी ग्राउंड बॅलन्स त्या पट्ट्यावरच करायचा, दहा पावलांवरच्या पांढऱ्या वाळूवर केलेला चालत नाही. आणि कंटाळून पट्टा सोडून जाऊ नका. जड खनिजं साठली म्हणजे लाटेने हलकं सगळं धुऊन नेलंय, शोअरवाले शिशाच्या वजनांबद्दल म्हणाले तेच इथेही लागू.

आमच्याकडे हे सगळं पावसाळ्यात होतं. जून ते सप्टेंबर समुद्र किनारा खातो, कातळ उघडा पडतो, आणि दिवाळीनंतर हळूहळू वाळू परत यायला लागते. उधाणाची ओहोटी धरली तर पाणी इतकं लांब जातं की एरवी कमरेएवढ्या पाण्यातला भाग पायी फिरता येतो, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत पाणी फार मागे हटत नाही, तेव्हा जाण्यात अर्थ नाही.

पण इकडून वाचणाऱ्यांसाठी आवर्जून सांगतो. भारतात १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे, जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरना लेखी कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे तो वेगळा. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग अशा संरक्षित किल्ल्यांच्या आसपास मशीन घेऊन फिरायचं मनातही आणू नका. तिथे मातीत जे आहे ते जागच्या जागी अभ्यासकांच्या हाताला लागलं तरच त्याचा इतिहास कळतो, उपटून घरी आणलेल्या तुकड्याला काही बोलता येत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लोकांचं हरवलेलं शोधून द्या, त्यात आनंद पण आहे.

एडिसनकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काल समुद्राकडे तोंड करून चालून बघितलं आणि खरंच फरक पडला. मोठ्या कॉइलचा विचार सोडला. मल्टी फ्रिक्वेन्सीचं घ्यायचं ठरवतोय, पल्स नको, खिळे खणत बसणं माझ्याच्याने होणार नाही.

रत्नांग्रीकर म्हणाले त्यावरून आठवलं. आमच्या ओळखीच्या एका वहिनींचं मंगळसूत्र उन्हाळ्याच्या शेवटी इथल्याच पॉइंट प्लेझंट बीचला पाण्यात गेलंय. कमरेएवढ्या पाण्यात होत्या, लाट आली आणि तुटलं. बारीक चेन, काळे मणी आणि दोन वाट्या. मला विचारलंय शोधशील का म्हणून. मंगळसूत्र नवीन मशीनवर कसं वाजेल, स्क्रीनवर धातूप्रमाणे जो नंबर येतो त्यातल्या कुठल्या नंबरला? आणि आता इतक्या दिवसांनी किती खोल गेलं असेल? त्यांच्या सासूबाईंनी दिलेलं आहे, त्यामुळे प्रयत्न तरी पूर्ण करायचाय.

पर्थची_ताई

एडिसनकर दादा, मी पर्थला असते, कॉटस्लोला पाण्यात उतरून डिटेक्टिंग करते. मंगळसूत्राबद्दल नीट सांगते कारण ह्यात बरेच जण फसतात.

अंगठी वाजते ती बंद गोल असल्यामुळे. तिच्यात करंट पूर्ण वर्तुळात फिरतो आणि सिग्नल मोठा येतो. तीच अंगठी एका जागी तुटलेली असेल तर निम्मीसुद्धा वाजत नाही. चेनचं तर त्याहून वाईट, कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असतात म्हणून मशीनला पूर्ण चेन दिसतच नाही, एकेक बारीक कडी दिसते. दहा ग्रॅमची चेन आणि एक ग्रॅमची चेन जवळजवळ सारखीच वाजू शकते, म्हणजे जवळजवळ नाहीच. आणि काळे मणी काचेचे, त्यांचा काही सिग्नल नसतो. मग राहिल्या वाट्या. त्या पत्र्याच्या असल्या तरी अखंड गोल आहेत, बऱ्या वाजतील, शोधायचं असेल तर वाट्याच शोधायच्या. हुकाचा आणि मुद्दीचा पण थोडा सिग्नल येऊ शकतो.

नंबर विचारलात, पण तो छापील सांगता येणार नाही. ईक्विनॉक्स ८०० वर तुमचं निकेल १२-१३ ला येतं, वाट्या त्याच्या खाली येतील असं धरून चाला, पण आकार आणि जाडीवर सगळं आहे. त्यापेक्षा त्या वहिनींना विचारा, तशाच वाट्या घरात कुणाकडे आहेत का, आणि मशीनखाली धरून नंबर बघा. दोन मिनिटांचं काम आहे. आणि मग शोधताना फॉइल, टॅब काही बंद करायचं नाही, सगळं उघडं. कमी नंबरचा प्रत्येक बारीक सिग्नल खणायचा. अशा शोधात डिस्क्रिमिनेशन लावलं, म्हणजे काही धातूंचे नंबर बंद केले, की नेमकं हवं तेच मशीन गिळतं.

डेप्थबद्दल माझा अनुभव सांगते. चांगले हेडफोन लावल्यावर जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच सेटिंगने पडला नाही. लाटांचा आणि वाऱ्याचा आवाज इतका असतो की स्पीकरवर खोल सिग्नल कळतच नाही. खोलचा आवाज ठणठणीत नसतो, बारीक, दबका, मागे-पुढे सारखाच येणारा असतो, आणि नंबर उड्या मारत असतो. नंबर स्थिर नाही म्हणून सोडून देऊ नका. नव्वद अंश फिरून दुसऱ्या बाजूने परत झाडा, दोन्हीकडून तसाच बारीक आवाज आला तर वरची दोन-तीन इंच वाळू पायाने बाजूला करा आणि पुन्हा ऐका. धातू असेल तर आवाज मोठा होतो, मिठाचा असेल तर पसरतो नाहीतर गायब होतो.

कॉइल फिरवताना दोन्ही टोकांना हात आपोआप वर जातो, ती सवय मोडा. वाळूला जवळजवळ टेकवून, सपाट, टोकापासून टोकापर्यंत. हळू. आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढली पाहिजे, कारण खोल गेलं की कॉइलची नजर अरुंद होत जाते, वर अकरा इंच रुंद दिसत असेल तर दहा इंचांखाली जेमतेम मधलाच पट्टा दिसतो. मोठी पावलं टाकत गेलात तर वरवरचं सगळं मिळेल आणि खोलचं सगळं सुटेल.

बारीक-सारीक: फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. बोर्डवॉकच्या खालून विजेच्या तारा गेलेल्या असतात, तिथे नॉइज कॅन्सल, म्हणजे विजेचा गोंगाट टाळणारी सेटिंग, पुन्हा करा. कॉइलची वायर दांड्याला घट्ट गुंडाळा, सैल वायर हलली तरी मशीन बोलतं. कॉइलच्या कव्हरमध्ये ओली वाळू अडकते, ती पण कॉइलच्या पोटाशी बसून बडबड करते, घरी आलं की कव्हर काढून गोड्या पाण्याने धुवायचं.

शोअरवाला

ताईंनी मंगळसूत्राचं फार नेमकं सांगितलं. पॉइंट प्लेझंटबद्दल माझे दोन शब्द. आधी वहिनींना सोबत घेऊन जा, आणि दुकानं, लाइफगार्डची जागा, बोर्डवॉकचा जिना अशा दोन खुणांवरून त्या नेमक्या कुठे उभ्या होत्या ते ठरवा. त्या दिवशी त्या वेळेला भरती किती होती ते नोआच्या जुन्या नोंदींतून काढा, म्हणजे कमरेएवढं पाणी म्हणजे आजच्या ओहोटीच्या रेघेपासून किती आत ते कळेल. बहुतेक ती जागा मोठ्या ओहोटीला गुडघ्याएवढ्या पाण्यात येईल. काठ्या रोवून दोरी बांधा आणि पट्ट्या-पट्ट्याने फिरा, आधी समुद्राकडे तोंड करून, मग त्याला आडवं. लाट फुटते तिथे आणि त्याच्या अलीकडचा जो खोलगट पट्टा असतो तो सगळ्यात आधी, तुटलेलं काही घरंगळत तिथेच येऊन बसतं. चेन चपटी आणि हलकी असल्यामुळे अंगठीइतकी पटकन खाली बसत नाही, ती वाळूबरोबर सरकत राहते, म्हणून उत्तरेकडे जास्त जागा धरा.

ईक्विनॉक्स घेतलंत तर ओल्या वाळूत बीच १, पाण्यात आणि लाटेत बीच २. बीच २ मध्ये मशीन पॉवर कमी करतं, म्हणून पाण्यात नसाल तेव्हा तिथे राहू नका. ट्रॅकिंग (आपोआप जुळत राहणारा) ग्राउंड बॅलन्स चालू, सेन्सिटिव्हिटी १८-२० पासून सुरू करून मशीन शांत राहील तिथपर्यंत वर. रिकव्हरी स्पीड, म्हणजे एका सिग्नलनंतर दुसरा ऐकायला मशीन किती पटकन तयार होतं ते, एखाद-दोन घरं कमी केलात तर थोडी डेप्थ मिळते पण बडबड वाढली की लगेच मागे या. आणि मशीन ठरवताना हे बघा की व्हँक्विशची फक्त कॉइल पाण्यात चालते, वरचा डबा नाही. पाण्यात उतरायचं असेल तर ह्या दोघांत ईक्विनॉक्सच.

पाण्यासाठी प्लास्टिकचं फावडं चालणार नाही, लांब दांड्याचा स्टीलचा जाळीदार स्कूप घ्या, आणि मंगळसूत्राच्या शोधात त्याची भोकं बारीक असू द्या, मोठ्या भोकांतून चेन सुळकन निघून जाते. आणि कुठेही खणलंत तरी खड्डा गुडघ्यापेक्षा खोल करू नका, केलेला लगेच बुजवा. २०२२ च्या मे महिन्यात टॉम्स रिव्हरच्या बीचवर वाळूचा खड्डा ढासळून एका अठरा वर्षांच्या मुलाचा जीव गेला होता. हाताला लागत नाहीये इतकं खोल असेल तर जागा लक्षात ठेवा आणि पुढच्या वादळानंतर परत या.

मी पुढच्या अमावास्येच्या ओहोटीला मोकळा आहे. वहिनींना विचारून सांगा, दोघं मिळून फिरलो तर तेवढा पट्टा एका ओहोटीत होईल.